भीमेपलीकडचा डॉक्टर

गेल्या वर्षीची, चातुर्मास संपून साधू-साध्वीजींचे विहार नुकतेच सुरू झाले होते त्या दिवसांतली गोष्ट. रांजणगावात आमच्या परिचयाचे एक व्यापारी कुटुंब आहे. तीन पिढ्यांची धान्य-भुसाराची आडत, शेजारी छोटेसे किराणा दुकान, आणि औद्योगिक वसाहत आल्यावर बांधलेल्या चार भाड्याच्या खोल्या, असा त्यांचा नेटका संसार. एके संध्याकाळी शेठजी स्वतः माझ्या घरी आले. चौविहाराची वेळ टळू नये म्हणून घाईतच बोलले, "साहेब, तुम्ही आयुष्यभर बँकेत माणसे पारखलीत. आमचा धाकटा बी.कॉम. होतोय, पण दुकानात बसायचे नाही म्हणतो. माहितीपट काढायचे, सिनेमा करायचा म्हणतो. त्याची आई दोन दिवस जेवलेली नाही. या धंद्यात काही आहे का, एवढे सांगा."

माझ्या व्यवसायाच्या सवयीने मी मनात जमा-खर्च मांडू लागलो आणि लगेच थांबलो. कारण या प्रश्नाचे उत्तर ताळेबंदात मावणारे नव्हते. मी त्यांना म्हणालो, "शेठजी, आपल्या भागातल्याच एका माणसाची हकीकत सांगतो. ती ऐकून तुम्हीच ठरवा." रांजणगावाहून न्हावऱ्याला जावे, पारगावाजवळ भीमा ओलांडावी, की दौंड तालुका लागतो. त्या दौंडला, रेल्वेच्या जंक्शनच्या गावी, एक बालरोगतज्ज्ञ लहान मुलांना तपासत असे, आणि दवाखाना आटोपला की पुण्याची गाडी पकडून नाटकाच्या तालमीला जात असे. त्यांचे नाव डॉ. जब्बार पटेल. त्या दिवशी अर्ध्या तासात सांगितलेली ही हकीकत आज या पानांवर सविस्तर मांडतो आहे, कारण शेठजींचा प्रश्न आज आपल्या अनेक घरांत विचारला जात आहे.

जब्बार पटेल यांचा जन्म २३ जून १९४२ रोजी पंढरपूरचा. शालेय शिक्षण सोलापूरच्या हरिभाई देवकरण प्रशालेत झाले. हरिभाई देवकरण हे नाव आपल्यापैकी जुन्या वाचकांना जैन ग्रंथमालेमुळेही परिचित असेल. व्यापाऱ्याच्या नावाची शाळा, आणि त्या शाळेतून निघालेला एका मुस्लीम घरातला मुलगा पुढे मराठी रंगभूमीचा आणि चित्रपटाचा मानदंड ठरतो, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. आपल्या घोडनदीच्या महाविद्यालयालाही चांदमल ताराचंद बोरा हे नाव आहे. विद्येसाठी दिलेले धन कोणाच्या रूपाने, किती वर्षांनी आणि कोणत्या क्षेत्रात फळाला येईल, हे देणाऱ्यास कधीच ठाऊक नसते.

सोलापुरातच प्रा. श्रीराम पुजारी यांच्या सहवासात त्यांना साहित्य आणि संगीताचा संस्कार लाभला. पुढे ते पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात आले. तेथेच शिकणारे मोहन आगाशे हे त्यांचे नाट्यसोबती. वैद्यकीय शिक्षण आणि प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या हौशी संस्थेची नाटके, असा दुहेरी प्रवास सुरू झाला. पदवी घेतल्यावर त्यांनी दौंडला व्यवसाय थाटला. पत्नीही डॉक्टर. दोघांच्या दवाखान्यावर घर चाले. नाटकाने घर चालवावे, अशी अपेक्षा त्यांनी नाटकाकडून केली नाही. या एका गोष्टीत त्यांच्या पुढील स्वातंत्र्याचे बीज आहे, असे मला वाटते.

त्या स्वातंत्र्याची परीक्षाही लवकरच झाली. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल' या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शन डॉ. पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची, आणि नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे. रंगमंचावर माणसांचीच एक रांग उभी राहते. तीच भिंत होते, तीच पडदा होते, तीच गाते आणि नाचते. सत्ताधीश आपल्या सोयीसाठी एखाद्या क्रूर माणसाला मोठा करतो आणि काम झाले की त्याला जमावाच्या हवाली करतो, हा त्या नाटकाचा गाभा. परंतु नाना फडणवीसांची आणि पेशवाईतील पुण्याच्या ब्राह्मण समाजाची बदनामी झाली, असा आक्षेप घेतला गेला. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले.

येथे आपल्या परंपरेतील अनेकांतदृष्टीने पाहिले, तर दोन्ही बाजू समजून घेता येतात. ज्यांच्या मनात नानांविषयी आदर होता, त्यांचे दुखावणे खोटे नव्हते. आणि हे इतिहासाचे नाटक नसून सत्तेच्या स्वभावाचे नाटक आहे, हे कलावंतांचे म्हणणेही खोटे नव्हते. प्रश्न एवढाच होता, की दुखावले गेल्याचे उत्तर नाटक बंद करून द्यायचे, की चर्चेने द्यायचे? तरुण मंडळींनी भांडण वाढवले नाही. ती संस्थेतून बाहेर पडली आणि २७ मार्च १९७३ रोजी त्यांनी 'थिएटर अकॅडमी' ही स्वतःची संस्था स्थापन केली. नव्या संस्थेने नाटक पुन्हा उभे केले. १९८० साली ते युरोपच्या दौऱ्यावर निघाले तेव्हाही मोठा विरोध झाला, तरी दौरा पार पडला आणि मराठी नाटक परदेशी रसिकांसमोर गेले. व्यापारातही भागीदारी तुटते. तुटताना बोभाटा न करता, नव्या वहीचे पहिले पान शांतपणे लिहिणारा माणूस मला नेहमीच मोठा वाटत आला आहे.

डॉ. पटेल यांचा पहिला चित्रपट 'सामना'. या चित्रपटाची आर्थिक बाजू आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी. निर्माते रामदास फुटाणे हे मूळचे जामखेडचे, पेशाने चित्रकला शिक्षक. म्हणजे पटकथा लिहिणारे तेंडुलकर वगळता निर्माता नवखा, दिग्दर्शकही चित्रपटात नवखा. विषय तर आपल्या दारातला होता. साखर कारखाना, दूध, कुक्कुटपालन, सर्व काही एका हाती असलेला गावचा पुढारी हिंदुराव धोंडे पाटील, ही भूमिका निळू फुले यांनी केली. आणि त्याच्या गावात योगायोगाने येऊन पडलेला, दारूच्या आहारी गेलेला जुना गांधीवादी मास्तर, ही भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी. मारुती कांबळे नावाच्या नाहीशा झालेल्या माणसाचे पुढे काय झाले, एवढेच तो मास्तर विचारत राहतो. त्याच्याकडे पैसा नाही, पद नाही, शरीरात बळ नाही. फक्त प्रश्न आहे. आणि त्या प्रश्नाने वैभवाचा डोलारा हलतो.

चित्रपट प्रथम प्रदर्शित झाला तेव्हा चालला नाही. १९७५ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या स्पर्धेत त्याची निवड झाली आणि त्यानंतर आपल्या लोकांचे त्याच्याकडे नव्याने लक्ष गेले. घोडगंगा आणि भीमा-पाटस या कारखान्यांच्या परिसरात वाढलेल्या आपणा सर्वांना त्या चित्रपटातील वाडा, जीप आणि बैठका अनोळखी वाटत नाहीत. सहकाराने आपल्या भागाचे भले केले, हे मी बँकेत बसून पाहिले आहे. परंतु ज्या संस्थेत प्रश्न विचारणारा उरत नाही, तिचे हिशेब फार काळ सरळ राहत नाहीत, हेही मी तेथेच पाहिले.

दुसरा चित्रपट 'जैत रे जैत' १९७७ सालचा. गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवरून, उषा मंगेशकर यांची निर्मिती, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत, ना. धों. महानोरांची गीते. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील प्रमुख भूमिकांत. ठाकर समाजातील नाग्या हा भगताचा मुलगा. त्याला पुण्यवंत व्हायचे आहे आणि राणीमाशीचे दर्शन घ्यायचे आहे. मधमाशीच्या दंशाने त्याचा डोळा जातो आणि तो सूडाला पेटतो. उंच कड्यावरची पोळी उतरवण्याची प्रतिज्ञा करतो आणि ती पुरीही करतो. पण त्याची चिंधी त्याच माश्यांच्या दंशाने प्राणास मुकते. चित्रपटाच्या नावात विजयाचा घोष आहे, आणि शेवटी विजय साजरा करायला जिच्यासोबत तो करायचा ती राहत नाही.

आपण मध वर्ज्य मानतो. लहानपणी पाठशाळेत त्याचे कारण शिकलो, तेव्हा तो एक नियम होता. हा चित्रपट पाहिल्यावर मला त्या नियमाचा अर्थ वेगळ्या बाजूने उमगला. एका जीवाविरुद्ध मनात धरलेले वैर फिरून आपल्याच उंबऱ्याशी येते. हे सांगण्यासाठी दिग्दर्शकाने कोठेही प्रवचन केलेले नाही. त्याने डोंगर दाखवला, ढोल वाजवला आणि माणसाचा हट्ट दाखवला.

त्यानंतर १९७९ साली 'सिंहासन'. अरुण साधू यांच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी पटकथा रचली. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगार पुढारी, तस्कर आणि हे सर्व पाहणारा वार्ताहर दिगू टिपणीस, असा हा पट. १९८२ साली 'उंबरठा' आला. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात स्मिता पाटील यांनी महिला सुधारगृहाची अधीक्षक होण्यासाठी घराबाहेर पडणारी सुलभा साकारली. घर सुखवस्तू आहे, कोणी तिला छळत नाही, तरी तिला आपले काम हवे आहे. आपल्या घरांतील शिकलेल्या सुनांनी आणि त्यांच्या सासवांनी एकत्र बसून पाहावा, असा हा चित्रपट आहे. 'जैत रे जैत', 'सिंहासन' आणि 'उंबरठा' या तिन्ही चित्रपटांना सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८२ सालीच डॉ. पटेल यांना पद्मश्री मिळाली.

आता माहितीपटांकडे वळू, कारण शेठजींच्या चिरंजीवांना तोच मार्ग हवा होता. कथापटाला तिकीटविक्रीची आशा तरी असते. माहितीपटाला बहुधा तीही नसते. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली सरकारने फिल्म्स डिव्हिजन ही संस्था स्थापन केली आणि अनेक दशके देशातील माहितीपटांचा मोठा आधार तीच होती. डॉ. पटेल यांनी समाजवादी नेते एस. एम. जोशी, वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, कुमार गंधर्व अशा व्यक्तींवर, तसेच भारतीय रंगभूमीवर माहितीपट केले. कुमारजींवरील 'हंस अकेला' पाहताना एक गोष्ट मनाला भिडते. क्षयरोगाने गाणे थांबलेला एक तरुण गायक देवासला येऊन राहतो, वर्षानुवर्षे केवळ ऐकतो, माळव्याची लोकगीते मनात साठवतो, आणि बरा झाल्यावर नव्याच गायकीने उभा राहतो. त्या मौनाच्या वर्षांचे मोल कोणत्या वहीत लिहिणार?

माहितीपटाने दिग्दर्शकाला जी शिस्त लावली, तिचा कस 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या चित्रपटात लागला. इंग्रजीत केलेल्या या चित्रपटासाठी केंद्र आणि महाराष्ट्र शासनाने अर्थसाहाय्य दिले. बाबासाहेबांची भूमिका मल्याळी अभिनेते मामुट्टी यांनी केली. १९९८ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत चित्रपटाला सर्वोत्कृष्ट इंग्रजी चित्रपटाचा, मामुट्टींना अभिनयाचा आणि नितीन चंद्रकांत देसाई यांना कलादिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. तरीही सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्यास २००० साल उजाडले, आणि तमीळ आवृत्ती तर न्यायालयात दाद मागितल्यावर २०१० साली प्रदर्शित झाली. माल उत्तम, पुरस्काराचा शिक्का लागलेला, तरी दुकानापर्यंत पोहोचेना, असा हा प्रकार. वितरण हा स्वतंत्र चित्रपटाचा सर्वांत दुबळा दुवा आहे, हे कोणाही पालकाने आणि मुलाने आधीच समजून घेतलेले बरे.

मधल्या काळात लक्ष्मीकांत बेर्डे यांना घेऊन केलेला 'एक होता विदूषक' आला. त्याचे लेखन पु. ल. देशपांडे यांचे. चौफुल्यावरून जाता-येता लोककलावंतांची वस्ती पाहणाऱ्या आपल्याला त्यातील सोंगाड्याचे दुःख परके नाही. १९९४ सालच्या 'मुक्ता'ला राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा नर्गिस दत्त पुरस्कार मिळाला, आणि २०१४ साली यशवंतराव चव्हाणांवरील चित्रपट आला. पुढे शंभराव्या अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. चार दशकांत कथापट दहाच्या आसपास. व्यापारी भाषेत उलाढाल कमी. परंतु विषय अमुकच घ्या असे सांगणारा सावकार त्यांच्या दारात कधी बसला नाही, कारण चूल दवाखान्यावर पेटत होती.

हा मार्ग एकट्या पुरुषाचाच, असेही नाही. पुण्याच्या सुमित्रा भावे समाजशास्त्राच्या अभ्यासक होत्या. वयाची चाळिशी ओलांडल्यावर १९८५ साली त्यांनी 'बाई' हा पहिला लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे सुनील सुकथनकर यांच्यासह त्यांनी 'दोघी', 'दहावी फ', 'देवराई', 'अस्तु' असे चित्रपट केले. स्किझोफ्रेनिया, स्मृतिभ्रंश, नैराश्य असे घरोघरी झाकून ठेवलेले विषय त्यांनी करुणेने उघडले. त्यांच्या 'कासव'ला २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. २०२१ साली त्या गेल्या.

या हकीकतींवरून प्रत्येक धडपड्या मुलाला यश मिळतेच, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. दौंडच्या डॉक्टरांसारखे दहा जण निघाले असतील आणि नऊ जणांची नावेही आपल्याला ठाऊक नसतील. म्हणून मी शेठजींना तीन गोष्टी सांगितल्या. एक, पोटाची विद्या आधी हातात असू द्या. मग ती वैद्यकी असो, हिशेबनीस असो वा दुकान. दोन, सोबती पारखून घेऊ द्या. 'घाशीराम' एकट्याचे नव्हते. तीन, घराने मुलाला पैशापेक्षा वेळ द्यावा, आणि त्या वेळेची मुदत आधीच ठरवावी.

आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगितली, जी सांगताना मला संकोच वाटला. नोकरीत असताना एकदा एक शेतकऱ्याचा मुलगा माझ्यासमोर कॅमेऱ्यासाठी कर्जाचा अर्ज घेऊन बसला होता. तारण नव्हते, जामीनदार नव्हता. मी अर्ज परत केला. नियमाप्रमाणे ते योग्यच होते. पण त्या कॅमेऱ्याने तू काय टिपणार आहेस, एवढे मी त्याला विचारले नाही. ते विचारायला तारण लागत नव्हते. तो मुलगा पुन्हा आला नाही. निवृत्तीनंतर अनेक मंजूर कर्जे मी विसरलो, तो नामंजूर अर्ज मात्र विसरलो नाही.

शेठजींनी मुलाला दोन वर्षे दिली. अट अशी, की पदवी पुरी करायची आणि सकाळचे चार तास गल्ल्यावर बसायचे. मुलाने उसन्या कॅमेऱ्याने पहिला लघुपट केला तो बावीस मिनिटांचा. विषय, त्यांच्याच आडतीवर तीस वर्षे पोती वाहणारा एक हमाल. पन्नास किलोचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून चढणारा तो वाकलेला देह, त्याच्या घरची भाकरी, आणि शेवटी मुलाने कॅमेऱ्यामागून विचारलेला प्रश्न: "मामा, पाठ थकली की पुढे काय?" मामा हसतात, उत्तर देत नाहीत.

तो लघुपट घरातच भिंतीवर पांढरी चादर लावून दाखवला. मीही होतो. संपल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. शेठजींचा चेहरा लाल झाला होता. "माझीच आडत सापडली का तुला?" एवढे बोलून ते उठून गेले. त्याची आई मात्र तेथेच बसून राहिली आणि तिने मुलाला तो लघुपट पुन्हा लावायला सांगितला.

आठ दिवसांनी शेठजींचा मला फोन आला. घरचे, मुलाचे काही नाही. हमालमामांच्या नावाने दरमहा काही रक्कम बाजूला टाकायची, तर कोणते खाते योग्य, कागद कोणते लागतील, आणि मागील वर्षांचे काही धरता येईल का, एवढेच त्यांनी विचारले. मी कागदांची यादी सांगितली. फोन ठेवताना ते म्हणाले, "पोराला सांगू नका. डोक्यात हवा जाईल."

मी अद्याप सांगितलेले नाही. तो हा लेख वाचील, तेव्हा त्याला कळेल.